मी खरवस नाही, नमुना क्रमांक सात

मी ठोकळा बोलतोय. बादलीतून. ही बादली प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात ठेवली आहे आणि थोड्या वेळानं मला खताच्या खड्ड्यात नेणार आहेत. तेव्हा जे काय सांगायचं ते आत्ताच सांगून टाकतो. पहिली गोष्ट म्हणजे मी खरवस नाही. कधीच नव्हतो. ज्यांनी मला खाल्लं त्यांनीसुद्धा शेवटी हे मान्य केलं.

हसू नका हो. तुमच्या अंगाचा एक कोपरा कुणी चमच्यानं उचलून तोंडात टाकला असता आणि वर "वेलदोडा कमी पडलाय" म्हटलं असतं, तर तुम्हाला कसं वाटलं असतं?

माझा जन्म एका सोमवारी झाला, नगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, यंत्र विभागाच्या प्रयोगशाळेत. जन्मदात्री प्रज्ञा मॅडम. भिंगारच्या. रोज स्कूटीवर येतात, हेल्मेट काढायच्या आधी कॉम्प्युटर चालू करतात. त्यांनी किराणा दुकानातून चायना ग्रास आणलं, ते पाण्यात उकळलं, त्यात दूध घातलं, थोडं तेल घातलं आणि बुरशी येऊ नये म्हणून कसल्याशा औषधाचे चार थेंब टाकले. दूध आमच्या वर्कशॉपच्या गहिनीनाथभाऊंच्या गोठ्यातलं. भाऊ कोल्हारचे. इकडे खोली घेऊन राहतात, शनिवारी गावाला जातात आणि सोमवारी पहिल्या एसटीनं दुधाचा कॅन घेऊन परत येतात.

मी थिजत आलो तेव्हा मॅडमनी माझ्या पोटात एक गोळी दाबली. खोडरबर ब्लेडनं गोल करून घेतलेलं, वाटाण्याएवढं. उजव्या अंगाला, जरा खाली. तीच माझी गाठ. म्हणजे लोकांना गाठ नको असते आणि मला ती मुद्दाम घालून दिली होती. जन्मतःच आजारी असणं हीच माझी नोकरी. शेवटी वरून मिरपूड भुरभुरली. मशीननं मला थरथरवलं की ते काळे ठिपके हलणार, आणि कॅमेरा ते ठिपके बघून सांगणार की ह्याच्या पोटात कडक काय आहे आणि ते कुठं आहे.

माझ्याआधी सहा जण होऊन गेले. चौथ्याला मुंग्या लागल्या. पाचवा फरशीवर पडून फुटला. सहाव्यावर गोरक्ष सरांनी फाईल ठेवली. मी सातवा.

आम्हा सगळ्यांचं घर म्हणजे स्टीलचा चपटा डबा. विभागानं नगरच्या भांडीबाजारातून असे डझनभर डबे आणले होते. नाव घालायला सांगितलं तर दुकानदारानं सवयीनं प्रत्येक डब्यावर कोरलं, 'यंत्र विभागाकडून सप्रेम भेट'. झालं! दोन महिन्यांत निम्मे डबे लोकांनी खरंच भेट समजून घरी नेले. त्यातला एक कोल्हारला पोचला. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

प्रयोगशाळेत माझी शेजारीण होती एक ॲल्युमिनियमची पट्टी. तिचा तोरा काय विचारता! "आम्ही विमानाच्या पंखाचे," असं ती येता जाता ऐकवायची. विमान तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. गहिनीनाथभाऊंनी तिला करवतीनं मुद्दाम एक चीर पाडली होती. गोरक्ष सर तिला थरथरवायचे आणि त्या थरथरीवरून चीर कुठं आहे ते गणितानं शोधायचे. सर अकोल्याकडचे, बोलायला कमी, पण विमानाच्या पंखांवर अर्धं आयुष्य घातलेलं. त्यांचंच गणित घेऊन प्रज्ञा मॅडमनी ते शरीरातल्या गाठीकडं वळवलं होतं. पंखातली चीर काय आणि अंगातली गाठ काय, जिथं काही बिघडलंय तिथली थरथर वेगळी. सरांना ते पटायचं, पण पुरतं गळी उतरत नव्हतं.

"प्रज्ञा, पंख सोडून तू या वड्या कसल्या थापत बसलीस?" असं ते दर बुधवारी म्हणायचे.

पट्टी खूश व्हायची. मला 'ढोकळ्या' म्हणायची. मीही तिला 'चिरकी' म्हणायचो.

आता मालनमावशींबद्दल सांगतो. खरं म्हणजे ही सगळी गोष्ट त्यांचीच आहे, मी मधेमधे लुडबूड करतोय. मालनबाई विभागात झाडलोट करायच्या, चहा द्यायच्या. सकाळी आठला येऊन त्यांचं पहिलं काम म्हणजे मला फ्रिजमधून बाहेर काढून टेबलावर ठेवणं. गारठलेला ठोकळा नीट थरथरत नाही, अंगातली थंडी उतरावी लागते. मावशी झाकण काढायच्या, मला बघायच्या आणि म्हणायच्या, "उठला का माझा दादा?" इतकं प्रेमानं माझ्याशी आजवर कुणी बोललेलं नाही.

मी दोन दिवसांचा असताना मॅडमनी त्यांना बोलावलं.

"मावशी, जरा बोटांनी दाबून सांगा, ह्यात गाठ कुठं आहे? मशीनच्या आधी माणसाला सापडते का ते बघायचंय."

"मला काय कळतंय त्यातलं!"

"माठ घेताना टिचक्या मारून बघता की नाही? तसंच समजा."

मावशींनी हात पदराला पुसले आणि तीन बोटांनी मला चाचपलं. हळूच, गोल गोल. मला गुदगुल्या होत होत्या, पण ठोकळ्यानं हसायचं नसतं. दोन मिनिटांत त्यांची बोटं थांबली.

"हितं हाय," त्या म्हणाल्या. "आत घट्ट लागतंय. वाटाण्यावानी."

"अहो, पहिल्या झटक्यात! मावशी, तुम्हालाच पीएचडी द्यायला पाहिजे."

मॅडम हसल्या. मावशी हसल्या नाहीत. त्यांचं बोट तिथंच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला खोलीत कुणी नव्हतं. मावशींनी मला दाबून बघितलं. मग दाराकडं पाहून हात पदराआड नेला, डाव्या बाजूला. मग पुन्हा मला दाबलं. मग पुन्हा पदराआड. असं तीनदा झालं. त्या मटकन स्टुलावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "दादा, तुझ्यासारखंच लागतंय रं मला. दिवाळीपासनं हाय."

माझं दूध नासायचंच बाकी राहिलं.

त्या दिवसापासून मावशी रोज माझ्याशी बोलायला लागल्या. घरी सांगितलं नाही, कारण मुलगी संस्कृती बारावीला आहे, फेब्रुवारीत परीक्षा. मॅडमना सांगायचं तर लाज वाटते. दवाखान्यात जायचं तर भीती. "आन् काय नसलं तर? उगी गावभर बोभाटा," असं म्हणायच्या आणि मला फडक्यानं पुसायच्या. अहो, मी ओला पदार्थ, मला काय पुसता! पण बोलणार कसा? मला तोंडच नाही. त्या दिवसांत मी जितका चडफडलो तितका अख्ख्या आयुष्यात चडफडलो नाही. अख्खं आयुष्य म्हणजे तेव्हा पाच दिवस झालं होतं, पण तरी.

शनिवारी मॅडमनी सगळ्यांना सांगितलं की सोमवारी अकराला तपासणी आहे. बाहेरून तीन जण येणार, त्यात गावातल्या दवाखान्यातल्या डॉ. रेश्मा. मशीननं गाठ बरोबर दाखवली तर पुढं दवाखान्यात काम करायला परवानगी, नाही तर परत पंख.

मावशींनी हे ऐकलं. सगळे गेल्यावर माझं झाकण लावता लावता त्या म्हणाल्या, "दादा, सोमवारी मशीन खरं बोललं तर मी मॅडमला सांगते. खोटं निघालं तर माझं बी खोटं. मग मला बी काय झालेलं न्हाई. ठरलं."

घ्या! एका बाईचा जीव आणि तो टांगला माझ्या पोटातल्या खोडरबरावर. रविवारभर फ्रिजमध्ये मला शांतता म्हणून नव्हती.

सोमवारी सकाळी साडेसातला फ्रिज उघडला. मावशी नव्हेत, गहिनीनाथभाऊ. त्यांची गाय व्याली होती. विभागाला खरवस खाऊ घालायचं त्यांनी कबूल केलं होतं, आणि तो त्यांनी आणला होता, कशात? सप्रेम भेटीच्या डब्यात. त्यांनी मला मागं सारलं आणि खरवस पुढं ठेवला. एकाच गोठ्यातले आम्ही, म्हटलं तर चुलतभाऊच. मी सरकून घेतलं.

आठला मावशी आल्या. पुढचा डबा माझा, ही त्यांच्या हाताची सवय. त्यांनी पुढचा डबा उचलला.

"आज खरं बोल रं बाबा," त्या त्याला म्हणाल्या.

अहो मावशी! तो खरवस आहे! त्याला काय घंटा कळणार! मी आतून जीव तोडून ओरडलो. दार बंद झालं. फ्रिज घुर्र करून मोकळा.

मॅडमनी साडेदहाला झाकण काढलं, तेव्हा क्षणभर त्या थबकल्या म्हणे. "पिवळा पडलाय जरा. आठ दिवस झाले ना." वरची वेलदोड्याची पूड त्यांना मिरपूडच वाटली. परीक्षेच्या दिवशी माणसाचं डोकं चालत नाही, असं पट्टीनं मला नंतर सांगितलं. ती सगळं बघत होती. पण चिरकीला तरी तोंड कुठं आहे?

अकराला पाहुणे आले. गहिनीनाथभाऊंनी मला फ्रिजमधून काढून मागच्या टेबलावर चहाच्या कपांशेजारी ठेवलं आणि झाकण उघडून बघितलं. "चांगुणाला गूळ घाल म्हणलं हुतं, साखर घातली वाटतं," असं स्वतःशीच पुटपुटले. चांगुणाबाई म्हणजे त्यांची बायको. पुढं त्यांनी सुरी घेतली, माझा डावा कोपरा कापला आणि बशीत घालून बाजूला ठेवला. हे असं, बसल्या बसल्या.

समोर मशीन सुरू झालं. खरवस थरथरायला लागला. नटासारखा काय थरथरत होता! पडद्यावर निळं, हिरवं, पिवळं झालं आणि मग एक लाल ठिपका उमटला.

वर. डावीकडं.

मॅडमनी शनिवारी गाठीची जागा कागदावर लिहून पाकिटात बंद केली होती. डॉ. रेश्मांनी पाकीट फोडून मोठ्यानं वाचलं, "खाली, उजवीकडे."

एका पाहुण्यांनी घसा खाकरला. मॅडमनी पुन्हा मशीन चालवलं. पुन्हा तेच, वर डावीकडं. तिसऱ्यांदाही तेच. गोरक्ष सर चष्मा काढून पुसत बसले.

मी मात्र बघत होतो मावशींकडं. त्या चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभ्या होत्या. लाल ठिपका चुकला तसा त्यांनी मोठा श्वास सोडला. चेहऱ्यावर चक्क सुटल्यासारखं हसू आलं, आणि ते हसू बघून मला इतकं भ्या वाटलं की काय सांगू. त्यांच्या हिशेबी मशीन खोटं, म्हणजे गाठ खोटी. आता त्या कुणालाच सांगणार नव्हत्या.

"चहा घेऊ आपण," गोरक्ष सर म्हणाले. हरल्यावर माणसं चहा घेतात, हे मला त्या दिवशी कळलं.

सगळे माझ्या टेबलाशी आले. सरांनी बशी उचलली, माझा कोपरा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिले.

"गहिनीनाथ, वेलदोडा कमी पडलाय."

"घातलाय की सर. वर दिसतोय बघा."

"आणि मिरं कशाला घातलं? खरवसात मिरं?" सरांनी गिळलं. सभ्य माणूस, थुंकले नाहीत.

डॉ. रेश्मांसाठी भाऊ दुसरा तुकडा कापायला निघाले. पण या डॉक्टर लोकांचा एक दोष असतो, मऊ काही दिसलं की त्यांना दाबून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. बाईंनी चमच्याच्या पाठीनं मला सहज दाबलं. इथं. तिथं. मग भुवया जवळ घेऊन खाली उजवीकडं परत दाबलं.

"थांबा, कापू नका," त्या म्हणाल्या. "या खरवसाला गाठ आहे."

मॅडम एकदम पुढं आल्या. माझ्याकडं बघितलं, मशीनकडं बघितलं, परत माझ्याकडं.

"हा माझा सात नंबर आहे!" त्या किंचाळल्या. "सर, तुम्ही नमुना खाल्लात!"

"मी काय खाल्लं?"

"चायना ग्रास, दूध, तेल... आणि थोडं औषध. चारच थेंब."

"भरपूर पाणी प्या, काही होत नाही," असं डॉ. रेश्मा म्हणाल्या आणि तोंडाला रुमाल लावून हसू दाबत बसल्या.

"मग त्या मशीनवर काय थरथरतंय?" सरांनी विचारलं.

गहिनीनाथभाऊंनी कपाळावर हात मारला. सगळे मशीनकडं धावले. मॅडमनी पडद्यावरचा ठिपका बघितला, पट्टीनं अंतर मोजलं (साध्या पट्टीनं, आमच्या चिरकीनं नव्हे) आणि खरवसात वर डावीकडं चमचा घातला. टक् असा आवाज आला.

बाहेर निघालं अर्धं जायफळ.

"आता गं बया!" भाऊ ओरडले. "कालपासनं घर डोक्यावर घेतलंय चांगुणानं, जायफळ कुठं गेलं म्हनून! किसताना निसटून पातेल्यात पडलं आन् हिनं पोरीवर आळ घेतला!"

मग जे हसू फुटलं ते फुटलंच. ते घसा खाकरणारे पाहुणेसुद्धा टेबल धरून हसत होते. गोरक्ष सर मात्र हसले नाहीत. जायफळ हातात धरून पडद्यापुढं उभे राहिले. एकदा जायफळ बघत होते, एकदा लाल ठिपका.

"प्रज्ञा," ते म्हणाले, "आपण लपवलेली गाठ शोधणं वेगळं. कुणाला ठाऊकच नाही ती या मशीननं शोधली. यापुढं मी वडी म्हणणार नाही."

मॅडमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. जीव भांड्यात पडला म्हणतात. माझा तर पहिल्यापासून डब्यातच होता, पण तोही निवांत झाला असं म्हणायला हरकत नाही. अजून एक जीव बाकी होता.

मावशींचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं. ट्रे टेबलावर ठेवताना कप वाजले.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "डबा माझ्याच हातनं चुकला."

"जाऊ द्या हो मावशी, बरंच झालं चुकला ते!"

"तसं न्हाई. म्या एक ठरवलं हुतं. मशीन खरं निघालं तर सांगायचं." पदर त्यांनी मुठीत घट्ट धरला होता. "कुनाला ठाऊक न्हाई अशी गाठ... ह्या मशीनला मानसाची बी घावंल का?"

मॅडमनी डोळे पुसले. मावशींचा हात कुठं आहे ते त्यांना दिसलं. त्यांचा चेहरा बदलला, पण आवाज त्यांनी बदलू दिला नाही.

"मशीन अजून माणसांवर लावत नाहीत, मावशी. त्याला वेळ आहे. पण डॉक्टर आज इथंच आहेत ना."

डॉ. रेश्मांनी कप खाली ठेवला, हात धुतले आणि म्हणाल्या, "चला ताई, आपण दोघी जरा बसू." सरांची केबिन रिकामी करून घेतली. दार लागलं. आतलं मला काही माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं.

त्यानंतर दहा दिवस मावशी आल्या नाहीत. मला गहिनीनाथभाऊ बाहेर काढायचे. "उठला का दादा" वगैरे काही नाही, डबा दाणकन टेबलावर. माझ्यावर मशीन पाच वेळा चाललं, पाचही वेळा ठिपका बरोबर आला, कोपरा नसतानाही! पण मी आक्रसत चाललो होतो. औषधाला न जुमानता एका बाजूला हिरवी बुरशी धरली. एकदा पट्टी मला म्हणाली, "ढोकळ्या, मलाही असंच शोधलं होतं रे. चीर सापडते तेव्हा बरं वाटतं." इतकं गोड ती पहिल्यांदाच बोलली. मी तिला चिरकी म्हणणं सोडून दिलं.

आज सकाळी आठला फ्रिज उघडला आणि आवाज आला, "उठला का माझा दादा? आरं, काय ही तुझी दशा!"

मावशी! अहो, माझ्या मावशी!

त्या रजेचा अर्ज द्यायला आल्या होत्या. सुईनं तपासणी झाली. भीती होती तीच गाठ निघाली, नाव घ्यायला त्या अजून कचरतात. पण लहान आहे, वेळेत आलात असं डॉक्टर म्हणाले. येत्या गुरुवारी ऑपरेशन. संस्कृतीला सांगितलं तर पोरगी म्हणाली, "आई, परीक्षा दर वर्षी येते. तू येतेस का?" ते मॅडमना सांगताना मावशी हसल्याही आणि रडल्याही. मॅडम तर नुसत्याच रडल्या. गुरुवारी त्या सोबत जाणार आहेत. भाऊ डबा पोचवणार आहेत, आणि त्यावर चिठ्ठी लावूनच.

"सात नंबर आता टाकून द्या मावशी," मॅडम म्हणाल्या. "खूप काम केलं त्यानं. आठवा करायला घेतलाय."

मावशींनी मला व्हरांड्यात आणलं. डबा पालथा घालून मला बादलीत सोडलं. मग थांबल्या. पुन्हा आत गेल्या आणि चमचा घेऊन आल्या. माझ्यापुढं उकिडव्या बसल्या, तीन बोटांनी चाचपलं, हळूच, गोल गोल. खाली उजवीकडं बोटं थांबली.

"हितंच," त्या म्हणाल्या. चमचा आत घातला आणि सावकाश फिरवला. खोडरबराची गोळी वर आली. त्यांनी ती नळाखाली धुतली, उन्हात धरून बघितली आणि मला विचारलं, "निघाली बघ. दुखलं का रं?"

मी सगळा जोर लावला. बादलीला धक्का लागला असेल किंवा वारं आलं असेल, पण मी थरथरलो. नाही हो मावशी. जरा गार वाटलं, बाकी काही नाही.

त्यांनी ती गोळी पदराच्या टोकात ठेवून वरून गाठ मारली. गुरुवारी बरोबर नेणार म्हणाल्या. मग झाडू घेऊन आत गेल्या.

तर मंडळी, बादली उचलायला भाऊ निघालेत, मला दिसतायत. जाता जाता दोनच गोष्टी. फ्रिजमधल्या डब्यावर चिठ्ठी लावत जा. आणि आपल्या अंगाला हात लावून बघायला लाजू नका, कुठं काही लागलं तर ठोकळ्याला सांगत बसू नका, ठोकळ्याला तोंड नसतं.

माझं म्हणाल तर एक कोपरा गेलाय, एका बाजूला बुरशी आहे, आणि उजव्या अंगाला, जरा खाली, वाटाण्याएवढा खड्डा पडलाय. तिथं आता काही नाही. फार बरं वाटतंय.